जिन्याचा दोर

शनिवार पेठेतल्या त्या वाड्याचा जिना इतका उभा आहे, की कठड्याच्या जागी वरून एक जाड दोर सोडलाय. दोर धरायचा, मान खाली घालायची आणि चढायचं. वर तुळई आहे. पहिल्या दिवशी ती माझ्या भागीदाराच्या कपाळाला दोनदा लागली, चढताना एकदा आणि उतरताना एकदा. उतरताना जरा जोरातच लागली, कारण तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझंही नव्हतं.

२०२३च्या फेब्रुवारीतला गुरुवार होता. भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, त्यामुळे आमची लग्नं, बारशी आणि दवाखाने सगळं गुरुवारीच उरकतं. वकील हा प्रकारही आम्ही दवाखान्याच्याच खात्यात टाकलेला. अगदी सहन होईनासं झालं की मग जायचं.

गाळा छोटा आहे आमचा. फिक्स्चर करतो, म्हणजे मशीनवर जॉब (घडवायचा सुटा भाग) दर वेळी नेमक्या त्याच जागी धरून ठेवणारी चौकट. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक जुनं सरफेस ग्राइंडर, सात माणसं आणि आम्ही दोघं. शासकीय तंत्रनिकेतनात एका बाकावर बसलो, मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या टूलरूममध्ये दहा-बारा वर्षं काढली आणि २०१४ साली नोकऱ्या सोडून हा गाळा भाड्याने घेतला. सगळं बरं चाललं होतं. मग चाकणकडच्या एका कंपनीने आमचे ६ लाख ४० हजार अडकवले. माल गेला, ट्रायल झाली, इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही झाली, आणि त्यानंतर परचेसमधला माणूस बदलला. नवा माणूस फोनवर फार गोड बोलायचा. 'पुढच्या आठवड्यात नक्की.' त्याच्याकडे पुढचे आठवडे किती होते कोण जाणे.

वर वकीलबाईंच्या खोलीत एक लाकडी टेबल, भिंतभर फायली आणि खिडकीत कुंडीतला ओवा. साठीच्या बाई. आम्ही ढीगभर चलनं, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), ई-मेलच्या प्रिंट काढून नेल्या होत्या. त्यांनी तो गठ्ठा उघडलाच नाही.

"भागीदारीचा करार आणलाय?"

आणला होता.

"फर्म नोंदलेली आहे?"

भागीदाराने मोठ्या विश्वासाने जीएसटीचा दाखला पुढे केला. मग पॅन, शॉप अ‍ॅक्ट. बाईंनी सगळं एकेक करून परत दिलं. "हे कर भरायला आणि दुकान उघडायला. मी विचारतेय, निबंधकांकडे फर्मची नोंदणी केलीत का?"

अशी काही नोंदणी असते, हे आम्हाला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर आम्ही कुणाला विचारलं नव्हतं. १९३२चा भागीदारी कायदा अजब आहे. नोंदणी करा अशी सक्ती तो कुठेही करत नाही. न नोंदवता धंदा करा, नफा वाटून घ्या, कर भरा, सगळं चालतं. फक्त कलम ६९ मध्ये एक खुंटी मारून ठेवलीय: फर्म नोंदलेली नसेल, तर करारातला हक्क मागायला तिला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. गंमत म्हणजे तो बाहेरचा माणूस तुमच्यावर खुशाल दावा लावू शकतो. म्हणजे आम्ही नऊ वर्षं अशा घरात राहत होतो, ज्याचं दार फक्त बाहेरून उघडतं.

"उद्यम?" बाईंनी पुढचा प्रश्न टाकला.

तीही केली नव्हती. आधार आणि पॅनवर, फुकट, घरबसल्या होणारी छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती माल देण्याआधी झालेली असती तर ४५ दिवसांपुढच्या थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ, आणि दाद मागायला सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीची वेगळी परिषद. आता केली तर पुढच्या बिलांना उपयोग, या बिलाला नाही. "आजच करा, पण," बाई म्हणाल्या. तिथेच बसून, मोबाइलवर, भागीदाराने ती करायला घेतली. ओटीपी येईना. वाड्यात रेंज नव्हती.

दार अगदीच बंद नव्हतं. फर्म आता नोंदवायची आणि मग दावा लावायचा. दाव्याच्या दिवशी नोंदणी असली की पुरे, फक्त तीन वर्षांची मुदत उलटू द्यायची नाही. हे ऐकून आम्ही खुर्चीत जरा सैलावलो, तेवढ्यात बाईंनी आमचा करार वाचायला घेतला.

त्या कराराची कथा सांगायला हवी. २०१४च्या जूनमध्ये शिवाजीनगर कोर्टाबाहेर, ताडपत्रीखाली बसणाऱ्या एका टायपिस्टकडे आम्ही गेलो होतो. त्याने विचारलं, "भाडेकरार, नावात बदल, की भागीदारी?" भागीदारी म्हटल्यावर त्याने एक तयार मजकूर काढला, आमची नावं घातली, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर छापून दिला आणि समोरच नोटरीकडे पाठवलं. पाऊण तासात भागीदार होऊन आम्ही बाहेर अमृततुल्यात क्रीमरोल खात होतो. एवढं स्वस्त आणि सुटसुटीत काम आयुष्यात दुसरं झालं नाही, असं वाटलं होतं. बाईंनी कलम ११ मोठ्याने वाचलं: "दुकानातील धान्य व किराणा माल उभयतांच्या संमतीशिवाय उधारीवर देऊ नये." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुठल्यातरी किराणा दुकानाचा करार नऊ वर्षं आमच्या कपाटात आमच्या नावाने नांदत होता. आणि उधारी तर आम्ही साडेसहा लाखांची दिली होती!

मुद्रांक शुल्कही कमी भरलेलं. ते भांडवलाच्या रकमेवर ठरतं, हाती लागलेल्या स्टॅम्पपेपरवर नाही. कमी भरलेलं शुल्क दंडासकट भरेपर्यंत तो कागद कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे माझ्या आजोबांचं पेटंट वाक्य. शेताच्या बांधाच्या एका दाव्यात त्यांच्या वडिलांनी विहीर घालवली होती, त्यामुळे ते ते वाक्य अनुभवाने म्हणायचे. पण आमच्या पिढीपर्यंत येताना ते पसरट झालं. कोर्टाची पायरी, वकिलाची पायरी, करारात दोन ओळी वाढवून घेण्याची पायरी, सगळं एकच. 'आपल्यात कशाला लिहायला हवं?' हे आम्ही मोठ्या प्रेमाने म्हणालो होतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल ते, लिहिलेला नसेल तर आम्ही जॉब हातात घेत नाही. 'नीट बसलं पाहिजे' एवढ्यावर कुणी फिक्स्चर बनवून मागितलं तर आम्ही हसू. आणि आमच्या स्वतःच्या करारात लिहिलं होतं, 'भागीदारांनी वाजवी वेळ द्यावा.' वाजवी म्हणजे प्लस-मायनस किती?

या बाईंकडे पोचण्याआधी दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. एक भागीदाराच्या मेहुण्याच्या ओळखीतले. त्यांनी आमचं अर्धं ऐकलं आणि म्हणाले, फसवणुकीची फिर्याद ठोकू, दोन दिवस आत बसला की पैसे घेऊन येईल. ऐकायला फार बरं वाटलं. घरी आल्यावर वाटलं, पैसे थकवणं आणि फसवणं यात फरक असेल तर? (आहे.) दुसरं बाणेरकडचं काचेचं ऑफिस. तिथल्या मुलीने तासाचा दर सांगितला आणि वर प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, तुमच्या कामाला आमच्याकडे येणं परवडणार नाही." तिचा मी आजही ऋणी आहे.

वकील शोधणं अवघड का जातं, त्याचं एक कारण मला नंतर कळलं. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे. पाटीसुद्धा माफक आकाराची असावी असा नियम. त्यामुळे रस्त्यात, मोबाइलवर, रिक्षाच्या पाठीवर जे ठळकपणे दिसतात, ते बहुतेक 'कन्सल्टंट' असतात: पाच दिवसांत कंपनी, एवढ्या-तेवढ्या रुपयांत. ते सगळेच वाईट नाहीत. आमच्या शेजारच्या गाळ्याची कंपनी अशीच झाली, व्यवस्थित झाली. पण त्यांनी त्याच्याकडे मागितलं काय? आधार, पॅन, लाइटबिल आणि फोटो. बाईंनी आमच्याकडे यातलं काहीच मागितलं नाही. त्यांनी एक पाठकोरा कागद घेतला, सात प्रश्न लिहिले आणि म्हणाल्या, "दोघांनी वेगवेगळं बसून उत्तरं लिहा. एकमेकांना विचारायचं नाही. पुढच्या गुरुवारी या."

फीही त्याच दिवशी सांगितली, कामागणिक तुकडे पाडून. भागीदार म्हणाला, त्यापेक्षा वसुलीतले दहा टक्के घ्या की. बाई म्हणाल्या, तशी मुभा वकिलाला नसते. आणि जाता जाता एक वाक्य बोलल्या, जे जिना उतरताना आमच्या डोक्यात होतं आणि ज्यापायी दुसऱ्यांदा तुळई लागली: "मी तुम्हा दोघांची वकील आहे. पण उद्या तुमचं आपसात बिनसलं, तर मी कुणाचीच नाही. तेव्हा दोघांनी दोन वेगळे शोधायचे."

ते सात प्रश्न मी इथे देणार नाही. फार खासगी निघाले. दोन मात्र सांगतो.

एक पैशाचा होता. कुणी भांडवलाव्यतिरिक्त पैसे घातलेत का? मी २०१६ साली ग्राइंडरसाठी बायकोचे दागिने ठेवून २ लाख घातले होते. तेव्हा म्हणालो होतो, राहू दे रे, बघू नंतर. 'नंतर' सात वर्षं झालं नव्हतं. मी ते उत्तरात लिहिलं आणि पुन्हा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. गुरुवारी बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या कागदावर या प्रश्नापुढे लिहिलेलं: 'ह्याने दोन लाख. माझ्याकडून विचारायचं राहून गेलं.' आणि खाली, वेगळ्या शाईत: 'मी रोज साडेसातला शटर उघडतो, हा साडेनऊला येतो. पगार सारखा.'

खोलीत शांतता पसरली. मी कर्वेनगरहून येतो, तो चिंचवडला राहतो, हे नऊ वर्षं मी कारण म्हणून वापरत होतो. कुणी मागितलं नव्हतं तरी. बाईंनी ओव्याच्या कुंडीला पाणी घातलं, बहुधा आम्हाला वेळ द्यायला. मग म्हणाल्या, करारात काही लिहिलेलं नसेल तिथे कायदा बोलतो. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त घातलेल्या रकमेला कायदा वर्षाला ६ टक्के व्याज देतो. आणि कामाचा पगार? करारात नसेल तर कायद्याने कुणालाच शून्य. नफा सारखा, तास कितीही असोत. १९३२च्या कायद्याने आमच्या दोघांच्याही मनातली खदखद आधीच वाचलेली होती, आणि एकाची बाजू घेतली होती. माझी. मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसरा प्रश्न मरणाचा. 'दोघांपैकी एक गेला तर?' दोघांनीही लिहिलं होतं, धंदा दुसऱ्याने चालवावा आणि घरच्यांना हिस्सा द्यावा. भागीदाराच्या आईच्या भाषेत हा प्रश्नच अभद्र. पण बाईंचं उत्तर त्याहून कोरडं होतं: असं लिहून उपयोग नाही. तीन भागीदार असतील तर एक गेल्यावर बाकीच्यांनी चालू ठेवावं असं ठरवता येतं. दोनच असतील तर एक गेल्याक्षणी भागीदारी संपते, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६५ सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे माझ्या तेराव्यापर्यंत भागीदाराला फर्मचं खातं, जीएसटी नंबर, व्हेंडर कोड (ग्राहक कंपनीकडचा आमचा पुरवठादार क्रमांक), सगळ्याचा हिशेब मांडत बसावं लागणार. आणि कर्ज? ते मात्र शिल्लक राहणार. साध्या भागीदारीत फर्मचं देणं म्हणजे दोघांचंही पूर्ण देणं, माझ्या फ्लॅटसकट.

इथून खरा विषय निघाला, की आपलं दुकान नेमकं कुठल्या खोक्यात असावं: साधी फर्म, कंपनी, की एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी.

बाईंनी यावर निर्णय दिला नाही. "हे निम्मं कराचं आहे. तुमच्या सीएंकडे जा." टिळक रोडवरचे आमचे सीए म्हणजे बोलायला लागले की कॅल्क्युलेटर बाजूला ठेवतात, आकडे त्यांच्या तोंडातच असतात. भागीदाराला प्रायव्हेट लिमिटेड हवी होती. त्याच्या मनात पाटी होती, साताऱ्याकडच्या गावी दाखवायची. सीए म्हणाले, पाटी मिळेल, पण एक रुपयाची उलाढाल नसली तरी ऑडिट करावंच लागेल, सभा, इतिवृत्तं, वार्षिक विवरणं, आणि उशीर झाला की फॉर्ममागे दिवसाला शंभर. बाहेरचा गुंतवणूकदार येणार आहे का? नाही ना? कंपनीला कराचा दर कमी पडतो, २२ टक्क्यांचा पर्याय घेतला तर सेस-अधिभार धरून २५.१७; पण नफा लाभांश म्हणून घरी न्यायचा तर त्यावर पुन्हा तुमच्या स्लॅबने कर. फर्म आणि एलएलपीला सरसकट ३० टक्के, मग मात्र वाटणीला आलेला नफा भागीदाराच्या हातात पुन्हा करपात्र नाही. "तुम्ही नफा घरी नेणारी माणसं आहात," ते म्हणाले. वाक्य टोचलं, पण खरं होतं.

मग एलएलपी, २००८च्या कायद्याची. तिच्या बाजूने बोलता बोलता सीएंनी तिच्याविरुद्धही एक मुद्दा ठेवला, आणि म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटतो. २ कोटींपर्यंतच्या (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंतच्या) उलाढालीला साध्या फर्मला अंदाजित नफ्यावर कर भरायची सवलत आहे: बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के, रोखीच्या ८ टक्के नफा धरा आणि मोकळे व्हा. एलएलपीला ती नाही. आम्ही ती घेत होतो. शिवाय ४० लाखांवर उलाढाल गेली की एलएलपीचं ऑडिट आलंच. ३० मेपर्यंत एक विवरण, ३० ऑक्टोबरपर्यंत दुसरं. "खर्च वाढेल. कशासाठी वाढवताय ते स्वतःला विचारा."

बँकेपासून बचाव व्हावा म्हणून, असं आधी वाटलं होतं. तो भ्रम बँकेतल्या कर्ज विभागातल्या एका भल्या माणसाने चहा पिता पिता दूर केला. मर्यादित जबाबदारी वगैरे ठीक आहे, पण मशीनला कर्ज देताना आम्ही तुमच्या दोघांची वैयक्तिक हमी घेणारच. म्हणजे ज्याचं सर्वांत मोठं देणं, त्याच्यापुढे ती भिंत नाहीच. भिंत आहे ती बाकीच्यांसाठी: पुरवठादार, किंवा आमच्या फिक्स्चरमुळे कुणाचा लॉट रिजेक्ट झाला आणि त्याने भरपाई मागितली तर. आणि मरणाच्या प्रश्नाला. एलएलपी भागीदार गेल्यावर मोडत नाही. उरलेल्याला सहा महिन्यांत दुसरा भागीदार आणता येतो. तेरावं ते सहा महिने, एवढाच फरक. आम्ही त्या फरकाचे पैसे मोजले. हे शहाणपणाचं होतं की नाही, हे आमच्यातला एक गेल्यावर दुसऱ्यालाच कळेल.

वसुलीचं काय झालं, ते थोडक्यात. फर्म नोंदवली, नोटीस दिली. तीन लाखांवरचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा काही आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते, हे तेव्हा समजलं. ती शिवाजीनगरला कोर्टाच्या आवारातच. ऑगस्टमध्ये मेट्रो नुकतीच सिव्हिल कोर्टपर्यंत सुरू झाली होती. स्टेशनला तेव्हा भोसरी नाव होतं, पण ते प्रत्यक्षात नाशिक फाट्याला आहे, ही पुण्याची जुनी खोड. तिथून बसलो आणि वीस-पंचवीस मिनिटांत जमिनीखाली खोल उतरलो. वर यायला सरकते जिने. भागीदार म्हणाला, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पायरीच आपल्याला चढवत असेल तर?" मध्यस्थांसमोर तो गोड बोलणारा परचेसवाला नव्हता, एक थकलेले अकाउंटंट होते, आमच्याच वयाचे. तीन बैठकी झाल्या. साडेपाच लाखांवर, तीन हप्त्यांत मिटलं. नव्वद हजार आणि व्याज सोडलं. बाई म्हणाल्या होत्या, दाव्यात पूर्ण मिळतील, पण कधी ते मी सांगणार नाही.

२०२४च्या जानेवारीत आम्ही एलएलपी झालो. नवा पॅन, नवा जीएसटी नंबर, आणि प्रत्येक ग्राहकाकडे नवा व्हेंडर कोड. या शेवटच्या प्रकारात आमचे तीन महिने गेले आणि त्याची धग कुठल्याही कन्सल्टंटच्या पत्रकात छापलेली नसते. रूपांतर झालं म्हणून जुनी देणी पुसली जात नाहीत; त्यांना आम्ही दोघं पूर्वीसारखेच जातीने बांधील. नवा करार अठरा पानांचा आहे. त्यात माझे २ लाख कर्ज म्हणून आहेत, व्याज ६ टक्के. शटर उघडण्याचे म्हणून त्याचा पगार माझ्यापेक्षा ८ हजारांनी जास्त आहे; ही रक्कम मी सुचवली आणि त्याने घासाघीस करून कमी केली. सातव्या प्रश्नाचं उत्तर अजून कोरं आहे. मुलांना घ्यायचं का, हा तो प्रश्न. त्याचा मुलगा दहावीत आहे, माझी मुलगी लेथकडे ढुंकून बघत नाही. बाईंनी तिथे एक ओळ घातली: 'उभयतांच्या लेखी संमतीने.'

कायद्याने पहिले बारा महिने प्रत्येक पत्रावर छापावं लागतं, की ही एलएलपी अमुक तारखेला अमुक भागीदारी संस्थेतून रूपांतरित झाली आहे. लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरात आम्ही ते टाकलं. फेब्रुवारीत रांजणगावच्या एका जुन्या ग्राहकाच्या स्टोअरमधून फोन आला. चलनावरची ती ओळ त्यांनी वाचली होती. आवाज अगदी हळू करून त्यांनी भागीदाराला विचारलं, "काय हो साहेब, तुमच्या दोघांचं बिनसलं का?"

"छे हो," हा म्हणाला, "दहा वर्षांनी रजिस्टर लग्न केलं."